रावेन्नाची पंगत

आत्याला रस्त्यावरून हॉर्न वाजवून बाहेर बोलवायचं, ही दीपकची नवी रीत. गाडीवरून उतरायचं नाही, चपला काढून आत यायचं नाही, घोटभर पाणी घ्यायचं नाही. सिंधुबाईचे दोन्ही हात बाजरीच्या पिठात, आणि हा बाहेर पाँ पाँ करतोय. पदराला हात पुसत ती दारात आली, तर यानं बसल्या जागेवरून दोन गुलाबी पास तिच्या हातात कोंबले. रविवारी दुपारी चारला कामगारांच्या स्पर्धेत आपलं नाटक आहे, पहिल्या रांगेत बस, एवढं म्हणाला आणि गेलासुद्धा. कसलं नाटक, कोणी लिहिलं, काही नाही. भाच्याला गाडी आली आणि पाय गेले, असं तिनं शेजारच्या फुलाबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणून घेतलं.

हा दीपक काही लांबचा नव्हता. सख्ख्या भावाचा एकुलता पोरगा. भाऊ आणि भावजय पाठोपाठ गेले तेव्हा सिंधुबाईनंच त्याला निफाडकडच्या गावातून सातपूरला आणलं, आपल्या दत्तूच्या कारखान्यात चिकटवून दिलं आणि लग्न होईपर्यंत सहा वर्षं दत्तूच्या शेजारच्या पाटावर जेवू घातलं. ती स्वतः तिन्ही पाळ्यांच्या कामगारांना डबे देई. अख्ख्या वसाहतीत तिच्या हातचं न खाल्लेला माणूस सापडायचा नाही, आणि तिची बोलणी न खाल्लेलाही नाही. भाजी तिखट लागली म्हणून कोणी कुरकुरलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी डब्यात नुसती साखर मिळे.

दत्तू तिचा एकच मुलगा. लेथवर काम करणारा टर्नर, पण डोक्यात नाटक. एकदा त्यानं मेन रोडच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून पुठ्ठा निघालेलं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात एक राजा होता. पंधराशे वर्षांपूर्वीचा, गॉथ नावाच्या लोकांचा, थिओडोरिक. सिंधुबाईची जीभ त्या नावाला वळेना, म्हणून तिनं त्याचा थेवडोजी करून टाकला, जसा काही पलीकडच्या शिवारातलाच. सकाळच्या पाळीचे डबे भरताना ती भाकऱ्या थापी, आणि दत्तू चुलीच्या उबेला बसून काल काय लिहिलं ते वाचून दाखवी. असं दीड वर्ष चाललं. तिला बाराखडीतली चार अक्षरं येत असतील-नसतील, पण थेवडोजीचा जन्म-मृत्यू तिला आपल्या नवऱ्यापेक्षा जास्त पाठ होता.

आठ वर्षांचं पोर बापानं परक्या बादशहाकडे ओलीस ठेवलं आणि दहा वर्षं त्यानं परक्याच्या घरचं खाल्लं, हे ऐकताना तिची भाकरी तव्यावर करपली होती. मग ते पोर मोठं झालं, राजा झालं, गाडे जुंपून सगळी जमात बायापोरांसकट बर्फाच्या डोंगरांपलीकडे इटलीत घेऊन गेलं. तिथं ओडोएकर नावाचा दुसरा राजा बसलेला. तो रावेन्ना नावाच्या गावाच्या तटाआड दडला, आणि थेवडोजी तीन वर्षं बाहेर बसून राहिला. घाई नाही, आरडाओरडा नाही. शेवटी तिथल्या मोठ्या धर्मगुरूनं मध्ये पडून समेट केला, दोघांनी मिळून राज्य करायचं ठरलं. दहा दिवसांनी थेवडोजीनं त्याला जेवायला बोलावलं. तलवारवाले आत दडवून ठेवले होते, पण पानावर बसलेला माणूस बघून त्यांचे हातच उचलेनात. तेव्हा राजा स्वतः उठला आणि एका घावात त्यानं ओडोएकरला खांद्यापासून कमरेपर्यंत चिरलं. माझ्या माणसांचं तू हेच केलंस, म्हणाला.

इथं दत्तूची लेखणी अडली. त्या पंगतीत पुढं काय झालं ते पुस्तकात नव्हतं. बाकीची पंगत भेदरून उभी आहे, राजाच्या हातात तलवार, आता राजानं त्यांना काय म्हणायचं? तीन दिवस त्याला सुचेना. चौथ्या दिवशी सिंधुबाई पिठातून मान वर न करता म्हणाली, "काय म्हणणार? बसा म्हणावं खाली. अन्न निवतंय. जेवा आता."

 दत्तूनं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं.

हाच राजा पुढं तेहतीस वर्षं राज्य करून गेला. न्यायानं केलं म्हणतात. त्याला लिहिता येत नव्हतं, असंही त्या पुस्तकात होतं. अक्षरं कोरलेली सोन्याची पट्टी कागदावर ठेवायची आणि आतून लेखणी फिरवायची, ती त्याची सही. हे ऐकून सिंधुबाईला राजा फारच जवळचा वाटायला लागला. दत्तूनं कारखान्यातल्या टाकाऊ पत्र्यात तिचं नाव कोरून तशीच पट्टी आणली. गॅसच्या दुकानात ती पट्टी ठेवून सही करायची, आणि अंगठा पुढं करणाऱ्या बायकांकडे बघायचीसुद्धा नाही. राजाची सोन्याची, आपली पत्र्याची, एवढाच काय तो फरक.

शेवटचा प्रवेश मात्र तिला पटला नव्हता. म्हातारपणी राजाला संशयानं घेरलं. एका पंडिताला त्यानं मारलं, आणि मग त्या पंडिताचा म्हातारा सासरा, निरपराध, त्यालाही मारलं. काही दिवसांनी जेवताना ताटात एका मोठ्या माशाचं डोकं वाढलं, तर राजाला त्यात त्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसला, खालचा ओठ दातांत धरून आपल्याकडे बघणारा. राजाला हुडहुडी भरली. पांघरुणावर पांघरूण घालून पडला तो उठलाच नाही. सिंधुबाईचं म्हणणं, राजा चुकला तो म्हाताऱ्याला मारलं तिथं, ओडोएकरला मारलं तिथं नाही. दत्तू म्हणायचा, आई, मला तसं सांगता येत नाही. तो चेहरा कदाचित पहिल्या पंगतीपासूनच ताटात असेल. यावर दोघांची वादावादी व्हायची, आणि डब्यांना उशीर व्हायचा.

शहाण्णव साली कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत दत्तू गेला. एकतिशीचा होता.

त्यांच्यात रीत अशी, की तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू वाटून टाकायच्या, घरात ठेवायच्या नाहीत. जीव अडकतो म्हणतात. सिंधुबाईनं कपडे वाटले, सायकल दिली, घड्याळ दिलं. दीपक कोपऱ्यात रडत बसला होता. तिला वाटलं, दत्तूचा सगळा जीव त्या दोन फुलस्केप वह्यांत. कुणा परक्याला कशाला? आपण वाचणार नाही, हा वाचील. तिनं स्वतःच्या हातानं वह्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. 'आठवण म्हणून ठेव,' एवढंच म्हणाली होती.

तर रविवारी दुपारी ती इरकल नेसून फुलाबाईला घेऊन नाट्यगृहात गेली. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि रंगमंचावर एक पोर बापाचा हात सोडत नव्हतं. सिंधुबाईला पहिलं वाक्य ऐकू यायच्या आत कळलं. पुढची सगळी वाक्यं तिचे ओठ नटांच्या आधी म्हणत होते. तिला वाटलं, पोरानं भावाचं नाटक उभं केलं. आपण त्याच्या गाडीवरून उगाच बोललो. डोळ्यांना पाणी लागलं. तिनं फुलाबाईला तो छापील कागद वाचायला सांगितला, दत्तूचं नाव कसं छापलंय ते ऐकायचं म्हणून. फुलाबाई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं आणि मग हळूच सांगितलं, की लेखक दीपक, दिग्दर्शक दीपक आणि राजाही दीपक. दत्तूचं नाव कुठंच नाही, आभारातही नाही.

सिंधुबाईनं डोळे पुसले. पुन्हा त्यांना पाणी आलं नाही.

वर पंगत बसली होती. कारभारी नावाचा कारखान्यातला फोरमन ओडोएकर होऊन पानावर बसला होता. रोज तिच्याच डब्यातलं जेवणारा, तसाच मान खाली घालून जेवत होता. दीपक उठला, तलवार चालली, कारभारी पडला. दीपकनं वळून थरथरणाऱ्या पाहुण्यांकडे बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाला, "बसा खाली. अन्न निवतंय. जेवा आता." आठशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तिच्या चुलीपुढचं वाक्य, आणि मान लववून टाळ्या घेत होता हा. मासा आलाच नाही. दीपकनं शेवट कापून टाकला होता. राजा हसतो आणि पडदा पडतो.

नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं.

ती आत रंगपटात गेली. सोनेरी कागदाचा मुकुट मांडीवर ठेवून दीपक तोंडाचा रंग पुसत होता. तिनं एकच विचारलं, दत्तूचं नाव कुठाय? अडाणी आत्याला छापील कागद कुणी वाचून दाखवेल हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं; तो आधी गडबडला, मग हसला, मग समजावणीच्या सुरात बोलायला लागला. गेलेल्या माणसाच्या नावाला बक्षीस कोण देणार, आणि संहिता त्यानंच किती सुधारली, आणि नाव काय, नाटक जगलं हे महत्त्वाचं. तिनं वह्या परत मागितल्या. घर बदलताना त्या रद्दीत गेल्या, असं तो आरशात बघून म्हणाला. मग तिच्याकडे वळून म्हणाला ते मात्र तिच्या काळजात रुतलं.

"आत्या, वह्या तूच दिल्यास ना? तेराव्याला दिलेली वस्तू परत मागत नसतात. ती ज्याची त्याची होते."

आजूबाजूला माणसं होती. कारभारी नकली रक्त धूत उभा होता. सिंधुबाईला त्या घटकेला दीपकच्या सात पिढ्या काढता आल्या असत्या. जीभ तशी तिची तयार असते. पण हातात कागदाचा कपटा नाही, वह्या रद्दीत, आणि ती अंगठ्याच्या वरची एक पायरी. आज ओरडली तर वसाहत म्हणेल, पोराच्या दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं. तिला तटाबाहेर तीन वर्षं बसलेला थेवडोजी आठवला. ती म्हणाली, बरोबर आहे बाबा तुझं. दीपक पाया पडला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला.

पुढचे पाच महिने ती गोड होती. वसाहतीला त्याचीच भीती वाटायला लागली. दीपकच्या बायकोला, मोहिनीला, दिवस गेलेले होते. सिंधुबाईनं तिच्या घरी डोहाळ्यांना लागेल ते पोचवलं. कोणी 'रावेन्ना' नाटकाचं कौतुक केलं की म्हणे, आमच्या दीपकचं डोकंच तसलं. हे बोलताना तिला तोंडात खडा चावल्यासारखं होई, पण ती गिळे. कारभारीनं एकदा रिकामा डबा परत देताना म्हटलं होतं, की मावशी, ते 'जेवा आता' ऐकलं तेव्हा मला वाटलं तूच बोलतेस. ती म्हणाली, तुझ्या डब्यात उद्या मेथी आहे.

मोहिनीला मुलगा झाला. बाळंतपण सातपूरलाच, म्हणून तिची आई चिमणाबाई विंचूरहून येऊन राहिली होती. सातव्या दिवशी दीपक सिंधुबाईच्या दारात आला. या वेळी हॉर्न नाही. गाडी कोपऱ्यावर लावून आला, चपला काढल्या, पाणी मागून घेतलं. गरज होती. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, आणि दीपकला बहीण नव्हती. घराण्यात आत्या म्हणायला उरली होती ती एकटी सिंधुबाई. दीपकचं नावही तिनंच ठेवलं होतं. पाळण्यावर आत्याच्या तोंडून जे नाव निघतं ते निघतं. मग आईबाप मागं घेऊ शकत नाहीत, सासूसासरे बदलू शकत नाहीत. शाळेत दुसरं घाला, पत्रिकेत तिसरं घाला, पण घरातली हाक तीच. दीपकनं तिला तीन-तीनदा सांगितलं, नाव हर्षवर्धन ठेवायचंय. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. जीभ कशी छान वळली, म्हणून तो हसला.

तो गेल्यावर ती पहिल्यांदा घाबरली. ती दीपकला घाबरली नव्हती. दत्तू बोलायचा ते तिला आठवलं, की चेहरा पहिल्या पंगतीपासूनच ताटात असेल. पोरानं काय केलंय? आठवड्याचा जीव. आपल्या रागाचं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? दोन दिवस ती हेच घोळत राहिली. डब्यातल्या भाजीत मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी कारखान्यातला कोणीतरी सांगत आला, की दीपकचं नाटक पुस्तकरूपात छापणार आहेत, फोटोसकट. मग तिनं घोळणं थांबवलं. नाव म्हणजे ओझं कसं? तिच्या पोराचं नाव ओझं नव्हतंच कुणाला. ज्याला जड होईल त्याला होऊ दे.

बाराव्या दिवशी दीपकच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. नाटकातली सगळी मंडळी बायकांसह आलेली. पाळण्याला झेंडू, भिंतीवर थर्माकोलची मोठमोठी निळी अक्षरं, वर चमकी. घुगऱ्यांचे द्रोण भरून ठेवलेले. दोन्ही बाजूंनी बायका उभ्या राहिल्या, पाळण्याखालून आणि वरून बाळ या हातातून त्या हातात फिरलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत. मग त्याला पाळण्यात ठेवलं आणि सगळ्यांनी सिंधुबाईला पुढं केलं.

ती वाकली. बाळाच्या कानाला दुधाचा आणि हळदीचा वास येत होता. त्याच्या गरम श्वासानं तिच्या गालाला गुदगुल्या झाल्या, आणि क्षणभर तिचं तोंड मिटलेलंच राहिलं. मग तिनं कानात नाव सांगितलं, पाठ सरळ केली आणि डबेवाल्यांना हाक मारायच्या आवाजात ते सगळ्या घराला सांगितलं.

"दत्तू."

बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. पहिले दोन जोरात पडले, मग हात ढिले पडत गेले. चिमणाबाई म्हणाली, अगं बाई, भिंतीवर तर वेगळंच लिहिलंय. सिंधुबाई म्हणाली, मला कुठं वाचता येतं? चिमणाबाई दबक्या आवाजात म्हणाली, की अकाली गेलेल्याचं नाव ठेवत नसतात. सिंधुबाई म्हणाली, मग आत्या दुसरी बघायची होती.

दीपकचा चेहरा रंग न लावताच पांढरा पडला होता. तो हसल्यासारखं करून म्हणाला, आत्या, राशीचं अक्षर ह आलंय. तिनं सांगितलं, राशीचं नाव भटजींच्या कागदावर राहू दे, हाकेचं हेच. तेवढ्यात मागून कारभारी पुढं आला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं दीपकच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की मोठं काम केलंत, दत्तूचं नाव राहिलं. नाटकातल्या लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आता दीपकला नको म्हणायची सोयच उरली नाही. भावाचं नाव नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं.

मोहिनी मात्र गोंधळली. बारीक आवाजात तिनं विचारलं, की मी कसं घेऊ नाव, ते माझे थोरले दीर. त्या घरात सून थोरल्या दिराचं नाव तोंडावाटे घेत नाही; मेलेल्याचं तर नाहीच. सिंधुबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. तू त्याला बाळ म्हण, सोन्या म्हण, तुझ्या मनाला येईल ते म्हण, असं ती म्हणाली. तुझ्यावर काही नाही.

मग ती दीपककडे वळली. तो पाया पडायला वाकत होता, माणसांदेखत लवकर संपवावं म्हणून. तिनं पाय मागं घेतले.  कारभारीच्या हातातला द्रोण तसाच राहिला. ते 'जेवा आता' कुणाच्या चुलीपुढचं, हे त्याला बहुतेक तेवढ्यात कळलं, कारण तो दीपककडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला होता. सिंधुबाईनं पदर सावरला, आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"दीपक, वह्या मी दिल्या होत्या, त्या तुझ्या झाल्या. तू म्हणालास ते खरंय. नाव मी दिलं नव्हतं, ते तू खोडलंस. तर आज माणसांदेखत ते तुला देते, हेबी परत मागणार नाय. शाळेतून आणताना हे नाव घे, पानावर बसवताना हे नाव घे, हाणताना हेच घे. बायको घेणार नाय, तुलाच घ्यावं लागंल, मरंस्तोवर. आन मी जित्ती हाय तवर रोज तुझ्या दारापुढनं जाईन. तू हाक मारतोस का नाय, ते ऐकायला."